लेखक-चित्रकारांसाठी एआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकासाठी साहित्य मागवलं की हल्ली कथा-कवितांबरोबर शंकाही येतात. लेखक, कवी, चित्रकार, अनुवादक जे नेहमी विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं एका संपादकाची आहेत. न पटल्यास भांडायला हरकत नाही.

एआय वापरलं तर मी लेखक उरतो का?

उरता. कुठल्या कामाला वापरलं, एवढाच प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: यंत्राला बसवायचंच असेल तर वाचकाच्या खुर्चीत बसवा, लेखकाच्या नको. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. तेव्हापासून त्याच्याकडून लिहवून घेतलेलं बरंच मराठी माझ्या टेबलावरून गेलं, पण लक्षात राहिलेलं पान त्यात सापडत नाही. उलट, स्वतः लिहून मग यंत्राकडून उलटतपासणी करून घेतलेल्या कथा चांगल्या सुधारलेल्या पाहिल्या आहेत.

वाचकाच्या खुर्चीत म्हणजे काय करायचं?

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावरच त्याच्याकडे जा. आणि ‘कशी वाटली?’ असं मुळीच विचारू नका. ते ‘अत्यंत हृदयस्पर्शी’ म्हणणार, आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवणार. त्याऐवजी एवढंच सांगा: ‘या कथेत काय काय घडलं ते क्रमाने सांग. कोण काय करतं आणि का करतं, तेही सांग.’ त्याने सांगितलेलं तुमच्या मनातल्या कथेशी जुळत नसेल, तर एक तर यंत्र ढ आहे, नाही तर तुम्ही डोक्यातलं कागदावर उतरवलेलंच नाही. दुसरी शक्यता आधी तपासा.

कादंबरीवाल्यांना याचा फायदा जास्त. पात्रांची वयं, गावं, नाती, सण, शाळेची इयत्ता यांचा तक्ता करून मागा. १९७२ च्या दुष्काळात जन्मलेला मुलगा किल्लारीच्या भूकंपात, म्हणजे सप्टेंबर १९९३ मध्ये, सतरा वर्षांचा दाखवला असेल तर ते पकडतं. तिसऱ्या प्रकरणात नाशिकला असलेली आत्या नवव्यात आपोआप पुण्याला पोचली असेल तर तेही पकडतं. हे काम पूर्वी चांगला संपादक करायचा. आता बऱ्याच प्रकाशनांकडे मुद्रितशोधनालाच पैसे नसतात, संपादकाची गोष्ट सोडाच.

आणखी एक प्रयोग. त्याला सांगा: ‘ज्यांची उत्तरं या कथेत नाहीत असे दहा प्रश्न विचार. सूचना देऊ नकोस, बदल सुचवू नकोस, फक्त प्रश्न.’ दहातले सात-आठ फालतू असतात. पण ‘तिने पाटल्या गहाण टाकल्या हे नवऱ्याला कधी कळलं?’ असा एखादा येतो आणि तुम्ही पुन्हा लिहायला बसता. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

आणि सरळ कथाच लिहून घेतली तर?

घ्या आणि मोठ्याने वाचा. सांगलीकडच्या वाड्यातली सासू सुनेला म्हणते, ‘तुझ्या भावनांचा मी मनापासून आदर करते.’ सासू आदर करत असेलही. पण ती बोलली तर ‘जेवलीस का?’ एवढंच बोलेल, किंवा तेही न बोलता ताट झाकून ठेवेल. यंत्राच्या मराठी कथेत सगळेच समुपदेशकासारखे बोलतात. गाव ‘लहानसं’ असतं, झाड नुसतं ‘झाड’ असतं आणि शेवटी हमखास नवी पहाट उगवते.

कारण सोपं आहे. ही मॉडेल्स, म्हणजे एआयमागच्या प्रणाली, ज्या मजकुरावर शिकल्या त्यात इंग्रजी प्रचंड आणि मराठी थोडं. त्या थोड्यातही बातम्या आणि भाषांतरित मजकूर भरपूर. चांगलं मराठी गद्य अजूनही बहुतांशी छापील पुस्तकांत आणि ग्रंथालयांच्या कपाटांत आहे.

कवितेला मदत होते का?

मुक्तछंदात ते गोडगोड लिहितं. वृत्तात मात्र उघडं पडतं. मनाच्या श्लोकांमुळे भुजंगप्रयात आपल्या कानात बसलेलं आहे: लघु-गुरु-गुरु असा ‘य’ गण चार वेळा, एका चरणात बारा अक्षरं. यंत्राला या वृत्तात ओळ मागितली की साधारण असलं काही हाती येतं:

नदीच्या किनारी उभा मी एकटा

मोजा. नदीच्या, किनारी, उभा मी, हे तीन गण चोख. ‘एकटा’ला मात्र ठेच लागते, कारण तिथे लघु-गुरु-गुरु हवं आणि आलंय गुरु-लघु-गुरु. अक्षरं बाराच असल्यामुळे नुसतं मोजणाऱ्याला चूक दिसतही नाही. आता तेच शब्द फिरवून पाहा:

उभा एकटा मी नदीच्या किनारी

एकही शब्द बदलला नाही, तरी ओळ चालीत बसली. ज्याने लहानपणी पाठांतर केलंय तो हे गुणगुणत करतो. यंत्राला चूक दाखवली तर ते नम्रपणे माफी मागतं, लघु-गुरूचा तक्ता मांडून दाखवतं आणि पुढची ओळ दुसऱ्या जागी मोडतं. कधीकधी तक्तासुद्धा चुकीचा असतो, पण आत्मविश्वास पूर्ण. त्याचं कारण असं की मॉडेलला अक्षरं ऐकू येत नाहीत. त्याच्यापुढे मजकुराचे तुकडे येतात, आणि देवनागरीचे तुकडे अक्षराच्या कडेवर पडतीलच असं नाही. नवी मॉडेल्स आधीपेक्षा बरी आहेत, तरी वृत्ताचा हिशेब स्वतः करा.

कवींना एक उपयोग मात्र जरूर सांगेन. शब्दांचा साठा. ‘पेरणीपासून मळणीपर्यंतची क्रियापदं दे’, ‘लोहाराच्या भात्याजवळच्या वस्तूंची नावं दे’ असं मागा. जे येईल ते जाणत्या माणसाकडून खात्री करून घ्या. यादीतला एखादा तरी शब्द शुद्ध काल्पनिक असतो.

मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी जमतं का?

जमल्यासारखं वाटतं, म्हणून जास्त धोका. चार ओळखीचे शब्द पेरायचे आणि वाक्यरचना पुस्तकी ठेवायची, ही जुन्या मराठी सिनेमातल्या गावंढळ पात्रांची युक्ती यंत्राने उचलली आहे. कुडाळचा माणूस दुसऱ्या वाक्याला हसेल. बोलीतला संवाद लिहायचा तर त्या बोलीच्या माणसाला फोन करा.

ऐतिहासिक कादंबरीसाठी संदर्भ शोधायला?

वाट दाखवायला वापरा, पुरावा म्हणून नको. यंत्र बखरीतला उतारा मागितला की देतं. ‘त्यास’, ‘ऐसे जाहले’, ‘सांप्रत’ सगळं जागच्या जागी असतं, आणि तो उतारा कुठल्याच बखरीत नसतो. जुन्या मराठीचा साज जितका छान, तितकी शंका जास्त घ्या. पृष्ठक्रमांकासकट संदर्भ दिला तरी पुस्तक उघडून ते पान पाहिल्याशिवाय वापरू नका.

मोडी कागदाचा फोटो देऊन ‘वाच’ म्हणणारेही आहेत. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि लेखनिकागणिक वळण वेगळं. तिथे मोडी जाणणारा माणूसच लागतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे. एकदा जाऊन या. कादंबरीला उपयोग झाला नाही तरी चार माणसं भेटतील.

मी चित्रकार आहे. मुखपृष्ठांची कामं जाणार का?

काही गेलीच आहेत, खोटा धीर कशाला देऊ? सोशल मीडियाच्या पोस्टची चित्रं, स्वस्तातली मुखपृष्ठं, लेखाच्या डोक्यावर टाकायचं ‘काहीतरी’, ही कामं पटापट यंत्राकडे वळली. नवख्या चित्रकाराचं घर याच कामांवर चालायचं आणि हातही यातूनच वळायचा. हे नुकसान खरं आहे. ‘नवी साधनं शिका’ असं सांगून ते भरून निघत नाही.

तरी यंत्राचं मुखपृष्ठ मराठी डोळ्याला अजून खटकतं. नऊवारी मागा, काष्टा गायब होतो किंवा धोतर होतं. वारकऱ्याच्या कपाळी बुक्क्याऐवजी भलताच टिळा. शीर्षक अक्षरांत मागितलं तर वेलांटी उलट्या बाजूला, जोडाक्षर मधूनच फुटलेलं, आणि ‘दुसऱ्या’तला ऱ्य म्हणजे साक्षात आपत्ती. अलीकडच्या मॉडेल्समध्ये छोटे शब्द नीट येऊ लागले आहेत, पण अक्षरलेखनाची जाण आलेली नाही.

चित्रकार मित्रांपैकी जे वापरतात ते बहुतेक सुरुवातीच्या टप्प्यावर वापरतात: प्रकाश कुठून पडला तर काय दिसेल, रस्त्याचा कोन कसा घ्यावा, रंगांच्या तीन-चार जुळण्या. मग ते सगळं बाजूला ठेवून कागदावर काढतात. संपादकाला कच्चा आराखडा दाखवायलाही बरं पडतं. पण तो आराखडा संपादकाने परस्पर छापून टाकू नये, हे कामाच्या ई-मेलमध्ये आधीच लिहा.

आपली चित्रं नेटवर टाकणाऱ्यांसाठी शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ग्लेझ’ आणि ‘नाइटशेड’ अशी दोन मोफत साधनं केली आहेत. चित्रात डोळ्याला जेमतेम जाणवणारे बदल करून ती मॉडेलची नक्कल करायची क्षमता बिघडवतात. अभेद्य कवच नाही, पण कडी तरी लागते.

वारली शैलीत चित्र काढून घेतलं तर कुणाची परवानगी लागते?

कायद्याच्या आधी थोडं मुळातलं. लग्नघरी सवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवी असते, इथून ही चित्रं येतात. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ती कागदावर आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशाची म्हणून कायदेशीर ओळखही आहे.

यंत्र काय देतं? त्रिकोणी माणसांची गोल रांग. मधल्या वादकाच्या हाती तारप्याऐवजी सरळ पिपाणी, आणि चौकात देवीच नाही. म्हणजे नक्षी उरली आणि लग्न गेलं. भौगोलिक मानांकन शैलीची प्रत्येक नक्कल अडवत नाही, पण असं चित्र ‘वारली’ म्हणून विकणं अंगाशी येऊ शकतं. मला विचाराल तर हा प्रश्न परवानगीइतकाच पैशाचा आहे. डहाणू-जव्हार-तलासरीकडे आजही ही चित्रं काढणारे तरुण आहेत आणि कुरिअर तिथे पोचतं. अंकासाठी वारली हवं तर त्यांच्याकडून घ्या.

आवाजाचं काय? ऑडिओबुक, गाणी?

इथे मुंबई उच्च न्यायालयाने बऱ्यापैकी स्पष्ट भूमिका घेतली आहे. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि पुढच्या वर्षी आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश झाले. गायकाचा आवाज त्याच्या संमतीशिवाय एआयने तयार करता येणार नाही, असा त्यांचा मथितार्थ. दुसरं टोक ए. आर. रहमान यांचं. ‘लाल सलाम’मधल्या एका गाण्यासाठी त्यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने उभे केले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन, आणि तसं जाहीरही केलं.

अभिवाचन करणाऱ्यांनी करार नीट वाचावा. ‘सर्व माध्यमांत, सर्व तंत्रज्ञानांद्वारे, कायमस्वरूपी’ अशा ओळीखाली सही केली तर उद्या तुमचा आवाज तुमच्याशिवाय पुस्तक वाचेल. ‘आवाजाची कृत्रिम प्रतिकृती करता येणार नाही’ ही ओळ घालून घ्या. नाही म्हणाले तर का नाही म्हणतात ते समजून जा.

एआयने केलेल्या कृतीचा कॉपीराइट कुणाचा?

आपल्या १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली: संगणकाने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. त्या वेळी आजच्या एआयचं नावही नव्हतं, त्यामुळे नुसता प्रॉम्प्ट (यंत्राला लिहून दिलेली सूचना) देणारा या व्याख्येत बसतो का, हे अधांतरी आहे. २०२० मध्ये ‘सूर्यास्त’ नावाच्या एका चित्राची नोंदणी माणूस आणि ‘राघव’ नावाचं एआय असे दोन कर्ते दाखवून झाली. नंतर कॉपीराइट कार्यालयानेच ती मागे घेण्याची नोटीस काढली. यावरून गोंधळाची कल्पना यावी.

अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबत निर्णय झाला: मजकूर आणि मांडणी लेखिकेची, म्हणून संरक्षित. मिडजर्नी या चित्र काढणाऱ्या एआयने काढलेली चित्रं मात्र नाहीत. व्यवहारात मी तेवढंच धरून चालतो. जे हाताने केलं ते आपलं. उरलेलं कुणीही उचललं तर ओरडायची सोय नाही.

माझी पुस्तकं चोरून यंत्राला शिकवली असतील का? पैसे मिळतील?

इंग्रजी पुस्तकांबाबत मोठी तडजोड झाली आहे. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने चोरट्या ऑनलाइन संग्रहांतून पुस्तकं उतरवल्याच्या दाव्यात सप्टेंबर २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. एका पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. त्याआधी जूनमध्ये न्यायाधीशांनी, विकत घेतलेल्या पुस्तकांवर मॉडेल शिकवणं अमेरिकी कायद्यात ‘फेअर यूज’ (परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर) आहे, पण चोरट्या प्रतींचा साठा करणं नाही, असा भेद केला होता. तडजोडीत येण्यासाठी पुस्तकाची अमेरिकेत वेळेत कॉपीराइट नोंदणी हवी होती. मराठी लेखक तिथेच बाहेर पडला.

आपल्याकडे एएनआय वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. केंद्राने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक प्रस्ताव मांडला: कंपन्यांना मजकुरावर मॉडेल शिकवण्याचा सक्तीचा परवाना मिळावा आणि निर्मात्यांना त्यातून स्वामित्वधन. म्हणजे पैसे मिळतील, पण ‘नाही’ म्हणता येणार नाही. मला हा सौदा मंजूर नाही. लेखकाने ‘नको’ म्हणायचा हक्क सोडू नये.

हस्तलिखित चॅटमध्ये टाकणं सुरक्षित आहे का?

सेटिंग्ज पाहा. चॅटजीपीटीत ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याची सोय आहे, इतरत्रही असे पर्याय असतात. बंद करा आणि मगच टाका. दुसऱ्याचं हस्तलिखित असेल तर त्याला विचारल्याशिवाय अजिबात नाही. स्पर्धेचे परीक्षक आलेल्या कथा यंत्रात ओतून ‘सारांश दे’ म्हणतात असं कानावर येतं. मानधन घेऊन हे करणं मला सरळ अप्रामाणिक वाटतं.

संपादकाला सांगायला हवं का?

हो. आधी. एका ओळीत. ‘कालक्रम तपासायला एआय वापरलं, मजकूर माझा’ इतकं पुरे. नुसतं शुद्धलेखन तपासलं असेल तर सांगायची गरज नाही.

लपवल्यावर काय होतं ते ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाने भोगलं. यंत्राने लिहिलेल्या कथांचा इतका लोंढा आला की फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना कथा स्वीकारणंच काही काळ थांबवावं लागलं. त्या गर्दीत खरा नवोदित चिरडला गेला. उलट बाजूला जपानच्या लेखिका रिए कुदान. जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा हा साहित्य पुरस्कार घेताना त्यांनी आपणहून सांगितलं की कादंबरीतली सुमारे पाच टक्के वाक्यं चॅटजीपीटीची आहेत. पुढे खुलासा केला की ती कादंबरीतल्याच एआयच्या तोंडची उत्तरं आहेत. यंत्राच्या तोंडी यंत्राची भाषा! ही जागा मला अगदी रास्त वाटते. पुरस्कार कायम राहिला.

किंडलवर स्वतः पुस्तक काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: सप्टेंबर २०२३ पासून मजकूर, चित्रं किंवा अनुवाद एआयने निर्माण केलेला असेल तर अपलोड करताना तसं सांगावं लागतं.

एआय-डिटेक्टरने माझी कथा ‘यंत्राची’ ठरवली. आता?

घाबरू नका. ओपनएआयने स्वतःचंच असं ‘माणूस की यंत्र’ ओळखणारं साधन जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी म्हणून, बंद केलं. इंग्रजीची ही कथा, तर मराठीचं काय सांगावं. खर्डे जपून ठेवा, वहीतले खाडाखोडीचे फोटो ठेवा. संपादकांनीही डिटेक्टरचा आकडा पुढे करून लेखक नाकारू नये. कथा वाईट असेल तर वाईट म्हणून नाकारावी, तेवढा अधिकार पुरतो.

‘अमुक लेखकाच्या शैलीत लिही’ म्हणणं गुन्हा आहे का?

शैलीवर कॉपीराइट नसतो, मजकुरावर असतो; आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचं २०२९ अखेरपर्यंत संरक्षित. गुन्हा नाही, पण विनोदी लेखकाची नक्कल मागाल तर हाती येतात ती फक्त उद्गारचिन्हं.

पैसे भरून घेऊ का?

आधी फुकटच्यावर महिनाभर काढा. लांब कादंबरी एकदम तपासायची असेल तरच पैसे भरण्याचा विचार करा.

लिहिण्याशी संबंध नसलेलं, पण उपयोगी असं काही?

भरपूर आहे, आणि खरं तर इथूनच सुरुवात करावी. फोनवर मराठीत बोलून टाइप करता येतं. बोट दुखणाऱ्या ज्येष्ठ लेखकांसाठी हे वरदान आहे. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात. जुन्या कात्रणांचा स्वच्छ फोटो काढून त्यातला मजकूर टाइप करून घेता येतो, फक्त मुद्रितं मुळाशी ताडून पाहा, कारण न वाचलेला शब्द ते अंदाजाने भरतं आणि सांगत नाही. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणताना रफार आणि अर्धे र घोळ घालतात, ते शोधायलाही मदत होते. अनुदानाचे अर्ज, प्रकाशकाला पाठवायचं इंग्रजी पत्र, दहा ओळींचा परिचय, ही कामं खुशाल त्याच्यावर सोपवा. परिचयात त्याने न मिळालेला पुरस्कार घातला असेल तर तेवढा काढून टाका.